कुंड्या अंगणात कधी न्याव्यात?

ईदच्या आधी घराला रंग द्यायचे ठरले की घरातली प्रत्येक वस्तू बाहेर येते. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या जालन्याच्या घरी असेच झाले. पलंग, पेट्या, भांडी निघाली, तशा बैठकीतल्या सात कुंड्याही आम्ही गच्चीवर नेऊन ठेवल्या. भरपूर पाणी घातले आणि कामाला लागलो. वाटले, बिचारी झाडे वर्षभर कोंडलेली असतात, चार दिवस ऊन खातील.

तिसऱ्या दिवशी पाहिले, तर मनी प्लँटच्या पानांवर पांढरे चट्टे पडले होते आणि एरिका पामची टोके करपली होती. हा मनी प्लँट आमच्या दादींनी लावलेला. अंबडच्या जुन्या घरातून त्यांनी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. दादी आता नाहीत. कुंडी पाहून अम्मी आम्हाला काहीच बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी इफ्तारला त्यांनी खजूर आणि पाणी घेतले, पुढे हात केला नाही.

आमचे चुकले कुठे? परदेशातले नातेवाईक उन्हाळा आला की घरातली झाडे बाहेर काढतात, हे आम्ही ऐकून होतो. पण थंड देशातला उन्हाळा म्हणजे सौम्य ऊन आणि अधूनमधून पाऊस. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी होते आणि गच्चीची फरशी तव्यासारखी तापते. मनी प्लँट मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांचा, एरिका पाम मादागास्करचा. या झाडांना ऊब हवी असते. पण ओलसर हवा आणि मोठ्या झाडांची सावलीही हवी असते.

त्यात खोलीतल्या उजेडाचा आपला अंदाज चुकतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत बाहेरच्या उन्हाच्या मानाने फारच थोडा प्रकाश असतो. त्या मंद उजेडात वाढलेले पान एकदम उन्हात नेले की भाजते, आणि भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, कितीही पाणी घाला. पाणी मुळांना मिळते. पानाला हवी असते ती सवय.

म्हणून आता आमच्या घरचा नियम साधा आहे. उन्हाळ्यात कुंड्या आतच, पूर्वेच्या खिडकीजवळ. कूलरचा झोत थेट अंगावर येणार नाही, एवढे पाहायचे. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवेत ओल आली, की मग त्यांना बाहेर काढायचे. पहिले दोन-तीन दिवस सकाळी तासभर सावलीत ठेवायचे. मग वेळ वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण मुक्काम बाहेर, पण कडुनिंबाखाली किंवा हिरव्या जाळीखाली. दुपारचे थेट ऊन तेव्हाही नको. कुंडीच्या बुडाची भोके मोकळी हवीत. खाली दोन विटा ठेवल्या की पाणी साचत नाही.

आणखी एक काळजी घ्यावी. मनी प्लँट आणि डिफेनबॅकिया यांचा रस तोंडाला, घशाला झोंबतो. बकरी ईदसाठी अंगणात बोकड बांधलेला असेल किंवा रांगते मूल असेल, तर या कुंड्या उंचावर ठेवाव्यात. पावसाळा संपून परत आत नेताना पाने उलटून बघावीत. कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढावा आणि ते झाड काही दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे.

आता पाण्याविषयी. २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरचे पाणी विकत घेऊनही कित्येकांना त्या वाचवता आल्या नाहीत, आणि पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तिथे शोभेच्या झाडाला पिण्याचे पाणी बादलीने ओतणे मनाला पटत नाही. म्हणून आमच्याकडे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि घमेल्यात धरलेले वुजूचे पाणी कुंड्यांना जाते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नये. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही नको. त्यात क्षार साठलेले असतात. आधी बोट मातीत खुपसून बघावे. दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी घालावे, तेही सकाळी किंवा मगरिबनंतर. घरातली झाडे तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात.

दादींच्या मनी प्लँटचे काय झाले? करपलेली पाने आम्ही काढून टाकली. वेलीचे दोन डोळे हिरवे होते. तेवढे तुकडे अम्मींनी पाण्याच्या बाटलीत ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीत लावले. काही आठवड्यांत पांढरी मुळे फुटली. पावसाळ्यात ते तुकडे मातीत गेले, आणि पुढच्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीच्या निकाहनंतर त्यातलीच एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या सासरी भोकरदनला गेली. निघताना अम्मींनी तिला एवढेच सांगितले, “बेटा, पाऊस पडेपर्यंत हिला घरातच ठेव.”