चिठ्ठी नसलेला डबा

औंधातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज बोलायचंय मोबाईलमधल्या पुस्तकांबद्दल.

आमच्या गटातल्या एका आजींची ओव्यांची वही आम्ही मोबाईलवर स्कॅन केली होती. पुढं फोन भरला. 'स्कॅन २३' ही फाईल कसली, कुणाला आठवेना, म्हणून पुसून टाकली. आज आजी नाहीत. वही जपलेली होती म्हणून निभावलं, नाहीतर त्या ओव्या गेल्याच होत्या.

आपण तिखट-हळदीचे डबे एकसारखे असले तर चिठ्ठी लावतो. फाईलचंही तसंच. आम्ही नाव असं देतो: आधी लेखकाचं आडनाव, मग नाव, मग पुस्तक, शेवटी वर्ष. उदाहरणार्थ, 'शिंदे ताराबाई – स्त्रीपुरुष तुलना – १८८२'. मोबाईल फाईली अक्षरांप्रमाणे लावतो, त्यामुळं एका लेखिकेची सगळी पुस्तकं आपोआप शेजारी येतात. भाग असतील तर १, २ न लिहिता ०१, ०२ लिहायचं. नाहीतर काही फोनवर १० नंबर २ च्या आधी जाऊन बसतो.

नाव एकच ठरवणंही गरजेचं. आपल्या औंधच्या राजेसाहेबांचंच बघा. कुणी भवानराव म्हणतं, कुणी बाळासाहेब. एका फाईलवर एक आणि दुसरीवर दुसरं लिहिलं, तर शोधताना निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी तेच. म्हणून ठरलेली नावं आम्ही गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीत.

कप्पे थोडेच ठेवा: शेती, आरोग्य, कायदा, गोष्टी, आणि आपल्या गावचं. आलेली फाईल 'डाउनलोड'मध्ये पडू देऊ नका, त्याच दिवशी जागेवर न्या. एक प्रत मेमरी कार्डावर, एक दुसरीच्या फोनवर ठेवा.

ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं फुकट देतं. मराठी विकिस्रोतावर तर स्वयंसेवक जुन्या पुस्तकांचं पान न् पान टंकतात आणि दुसरं कुणीतरी ते तपासतं. आपल्याकडं लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याचं पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. नवीन पुस्तक मात्र परवानगीशिवाय गटावर पाठवू नये.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. म्हणून ती बाई आजही सापडते. आमच्या आजींच्या फाईलवरही आता त्यांचं नाव, गाव आणि साल आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. मोबाईलमधल्या पाच फाईलींना नावं द्या. उरलेल्या उद्या.