चौकोनी कागदावरची भुयारे

टेबलाभोवती बसून फासे, पेन्सिल आणि कागद एवढ्याच सामग्रीवर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत प्रत्येक खेळाडू योद्धा, चोर, मांत्रिक अशा एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक जण पंच होतो. हा पंच, ज्याला खेळाच्या रूढ भाषेत डंजन मास्टर म्हणतात, पात्रांना जे दिसते आणि ऐकू येते ते तोंडी सांगतो, ती काय करतात हे विचारतो आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायला लावतो. १९७० च्या दशकात घडलेल्या जुन्या पद्धतीच्या खेळात या साऱ्या व्यवहाराचा पाया म्हणजे पंचाने आधी काढून ठेवलेला आणि खेळाडूंपासून लपवलेला एका भुयारी वास्तूचा नकाशा असतो. अशा वास्तूला डंजन म्हणतात. आणि जिच्यात शेकडो दालने व एकाखाली एक दहा-बारा मजले असून जी वर्षानुवर्षे खेळली तरी संपत नाही, तिला मेगाडंजन म्हणतात. खेळाच्या मोहिमांचा, लढायांचा आणि राक्षसांचा गाजावाजा पुष्कळ होतो. परंतु ज्या रेखाटनकलेवर हे सगळे उभे आहे ती स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे.

या कलेचा उगम अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील युद्धखेळ मंडळांत आहे. मिनेसोटा राज्यातील डेव्ह अर्नेसन याने १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक प्रदेशातील किल्ल्याखाली भुयारे कल्पिली आणि मैदानी लढाया खेळणाऱ्या आपल्या मित्रांना त्यांत उतरवले. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याने तो खेळ १९७२ मध्ये पाहिला आणि ग्रेहॉक नावाच्या किल्ल्याखाली स्वतःची भुयारे काढली, ज्यांत सर्वप्रथम उतरलेले खेळाडू त्याचीच मुले होती. दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तीन लहान पुस्तिकांचा संच निघाला. त्याच्या तिसऱ्या पुस्तिकेत चांगल्या डंजनाचे माप दिलेले आहे : खाली उतरणारे किमान बारा मजले, त्यांना फुटलेले उपमजले आणि नव्याने खोदले जात असलेले आणखी काही. बांधकाम कधीच पूर्ण न होणे हा तिथे दोष मानलेला नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांतील उत्तम मेगाडंजने पाहता तो निर्णय योग्यच होता.

नकाशा आलेख कागदावर काढला जातो आणि प्रचलित प्रमाण एका चौकोनास दहा फूट असे असते. हे प्रमाण वरवर किरकोळ वाटले तरी खेळाचे सगळे अर्थशास्त्र त्यात बसवलेले आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या नियमावलीनुसार खेळातील काळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजला जातो. हलके ओझे घेतलेले पात्र सावधपणे, नकाशा काढत, एका फेरीत १२० फूट, म्हणजे बारा चौकोन चालते. सहापैकी एक फेरी विश्रांतीत जाते आणि एक मशाल सहा फेऱ्या जळते. याचा हिशेब असा की एका मशालीत साठ चौकोनांची वाट होते, आणि परतीसाठी दुसरी मशाल नसेल तर तीस चौकोनांवरून मागे फिरणे भाग पडते. शिवाय दर दोन फेऱ्यांनी पंच फासा टाकतो आणि सहात एक या शक्यतेने भटका राक्षस समोर येतो, त्यामुळे रेंगाळण्यालाही किंमत पडते. यामुळे रचनाकाराने एखादे दालन जिन्यापासून पन्नास चौकोन दूर ठेवले की त्याने तिथल्या खजिन्याचा भाव मशालींत ठरवलेला असतो.

खेळाडूंपैकी एकाकडे नकाशा काढण्याचे काम असते. पंच सांगतो की वाट उत्तरेस तीस फूट जाते, तिथे पूर्वेला फाटा फुटतो आणि सरळ वाट पुढे वीस फुटांवर दाराशी संपते. नकाशेकार ते ऐकून आपल्या कागदावर उतरवतो. म्हणजे एकाच वास्तूचे दोन नकाशे अस्तित्वात असतात, एक पूर्ण व गुप्त आणि दुसरा ऐकीव, अपुरा व चुका असलेला, आणि खेळातील मौज मुख्यतः या दोहोंमधील अंतरात आहे. एक चौकोन चुकला की ती चूक पुढच्या प्रत्येक दालनात वाहत जाते. काही वेळाने नकाशेकाराला नवे दालन जुन्या दालनावर चढलेले दिसते, आणि तेव्हा आपण चुकलो की मधली वाट नकळत उतरती होऊन आपण खालच्या मजल्यावर पोहोचलो आहोत, हे ठरवावे लागते. उलट कधी कागदावर चारी बाजूंनी वाटांनी वेढलेला, चार चौकोन लांब आणि चार रुंद असा कोरा भाग उरतो. तिथे भिंत ठोकून पाहणाऱ्या खेळाडूंना गुप्त दार सापडण्याची शक्यता मोठी असते, कारण दगडाचा एवढा मोठा ठोकळा मध्येच मोकळा सोडण्याचे रचनाकाराला काही कारण नसते. हा शोध पात्राच्या गुणांकाने लागत नाही, फाशानेही लागत नाही. तो कागदाकडे बघून लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा तिच्यावरील लोभ अशाच प्रसंगांतून आलेला आहे.

मोठे डंजन आणि चांगले डंजन यांतील फरक वाटांच्या गुंफणीत असतो. चाळीस दालने एकमेकांना जोडायला एकोणचाळीस वाटा पुरतात. परंतु तेवढ्याच वाटा ठेवल्या तर रचना झाडासारखी होते, प्रत्येक फांदी कुठेतरी संपते आणि खेळाडूंना आलेल्या वाटेनेच परतावे लागते. त्यापुढची प्रत्येक वाट एक स्वतंत्र फेरा निर्माण करते, म्हणून पन्नास वाटा असतील तर अकरा फेरे मिळतात. फेरा असला की पहारेकऱ्यांना वळसा घालता येतो, पाठलाग चुकवता येतो, शत्रूही मागून येऊ शकतो. या तत्त्वाचा नमुना म्हणून जेनेल जाक्वेज हिची ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ ही १९७९ ची रचना आजही अभ्यासली जाते. तिथे जमिनीवरून आत जायला एकाहून अधिक प्रवेश आहेत, मजल्यांना जोडणारे जिने व उभ्या दऱ्या अनेक आहेत, आणि एखादी वाट मधला मजला ओलांडून थेट खोल नेते. पुढे संगणकीय खेळांकडे वळून ‘क्वेक’ मालिकेचे मजले रचणारी ही रचनाकार जानेवारी २०२४ मध्ये निवर्तली. ‘थ्रेशिया’च्या मानाने १९९१ चे एड ग्रीनवुडचे ‘अंडरमाउंटन’ विस्ताराने प्रचंड आहे, पण त्याच्या भव्य नकाशांतील कितीतरी दालनांना मजकूरच दिलेला नाही. ती भरण्याचे काम विकत घेणाऱ्यावर सोडलेले आहे.

महाराष्ट्रात भुयारी वाटेची सर्वांत प्रसिद्ध रचना देवगिरीच्या किल्ल्यावर आहे, आणि ती या तत्त्वाच्या नेमकी उलट आहे. यादव भिल्लम पाचवा याच्या काळापासून नावारूपाला आलेल्या या डोंगराचे कडे तासून उभे केलेले आहेत, भोवती खडकात खोदलेला खंदक आहे, आणि माथ्याकडे जाणारा मार्ग अंधारी नावाच्या कातळात कोरलेल्या वळणावळणाच्या बोगद्यातून जातो. आत उंचसखल पायऱ्या आहेत, भुलवणारे फाटे आहेत, आणि वरच्या तोंडावर लोखंडी झाकण तापवून धूर खाली सोडण्याची सोय होती असे सांगितले जाते. दुर्गरचनाकाराला शत्रूसमोरचे पर्याय कमी करत करत एकावर आणायचे असतात आणि त्या एका वाटेवर सारी शस्त्रे रोखायची असतात. डंजनाच्या रचनाकाराला मात्र घुसणाऱ्याला निवड द्यायची असते. म्हणून अंधारीचा नकाशा जसाच्या तसा खेळात आणला तर तो फसतो, कारण तिथे ठरवण्यासारखे काही उरत नाही. इतिहासानेही अंधारीची फारशी परीक्षा घेतली नाही, हा भाग वेगळा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीपुढे किल्ला नमला तो धान्याऐवजी मिठाची पोती निघाल्यामुळे, अशी कथा आहे, आणि १६३३ च्या मोगली वेढ्यातही आतली उपासमार निर्णायक ठरली.

खऱ्याखुऱ्या भुयारांचा, त्यांच्या मजल्यांचा आणि नकाशांचा व्यवहार मात्र सातपुड्याच्या दक्षिण उतारावर सापडतो. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील लोधीखेडा हे मराठी वळणाचे गाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. त्याचा सौंसर तालुका भूगर्भशास्त्रात जगभर ठाऊक आहे, कारण छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा ओलांडून बालाघाटपर्यंत पसरलेल्या मँगनीजधारी खडकांच्या पट्ट्याला सौंसर समूह असेच नाव मिळाले, आणि त्यातील थरांना लोहांगी, बिछुआ अशी याच भागातील गावांची नावे दिली गेली. ल्युइस ली फर्मोर याने १९०९ च्या आपल्या ग्रंथात या पट्ट्यातील एका खडकाला गोंड जमातीवरून गोंडाइट म्हटले आणि सीतापारच्या खाणीतील खनिजाला सीतापाराइट. या पट्ट्यातील काही खाणी उघड्या, तर काही भूमिगत आहेत. भूमिगत खाणीत उभ्या शाफ्टपासून ठरावीक खोलीवर आडवे मजले काढले जातात, ज्यांना लेव्हल म्हणतात. खनिजाच्या थरापर्यंत आडवी नेलेली वाट म्हणजे क्रॉसकट, आणि दोन लेव्हल जोडणारी उभी वाट खालून वर खोदली तर रेज व वरून खाली खोदली तर विन्झ. मेगाडंजनाचा छेद काढणाऱ्याला याहून चांगली परिभाषा मिळणार नाही, कारण खाण घडीपडलेल्या थरामागे जाते आणि म्हणूनच तिचा कुठलाही मजला वरच्याची नक्कल नसतो.

खाणीच्या नियमांत बाहेर पडायला किमान दोन स्वतंत्र मार्ग असावे लागतात. दुर्गरचनाकार जे टाळतो तेच येथे सक्तीचे आहे, आणि या एका मुद्द्यावर डंजनाचा रचनाकार खाणीच्या बाजूला बसतो. खाणीचा सर्व्हेअर आपली मोजणी सुरुवातीच्या खुणेवर परत आणून बंद करतो, म्हणजे साठलेली चूक आकड्यात दिसते. खेळातील फेराही नकाशेकाराला हीच सोय देतो, कारण फिरून जुन्या दालनात आल्यावर कागदावरची दोन टोके जुळली नाहीत तर चूक तिथल्या तिथे उघडी पडते. साम्य इथे थांबते. छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली कोळसाखाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून ६३ कामगार मरण पावले. सोडून दिलेल्या खोदकामांचे नकाशे जपून ठेवण्याची सक्ती खाणकायद्यात आहे ती अशाच धोक्यामुळे. खेळात चुकीच्या नकाशाची शिक्षा फार तर एक काल्पनिक पात्र गमावण्याची असते.

नकाशा झाला की दालने भरणे येते, ज्यासाठी प्रत्येक दालनाला क्रमांक देऊन स्वतंत्र वहीत त्याचे टिपण ठेवतात. १९८१ च्या नियमावलीत प्रत्येक दालनासाठी सहा बाजूंचा फासा टाकण्याची युक्ती दिलेली आहे : एक-दोनला राक्षस, तीनला सापळा, चारला काहीतरी विलक्षण आणि पाच-सहाला रिकामी जागा. तृतीयांश दालने रिकामी ठेवणे नवशिक्याला आळस वाटतो. परंतु दबकण्याला, लपण्याला आणि दोन टोळ्यांमधील सीमेला जागा लागते, आणि प्रत्येक दाराआड लढाई असेल तर दार उघडताना कोणाला धाकधूक वाटत नाही. टिपणे किती लांब असावीत यावर वाद आहेत. मायकेल कर्टिसच्या २००९ च्या ‘स्टोनहेल’ने मजल्याचे चार भाग करून प्रत्येकाचा नकाशा व टिपण समोरासमोरच्या दोन पानांत आणले. खेळ चालू असताना पंचाला पाने चाळायला सवड नसते, तेव्हा ही काटकसर पानभर वर्णनांपेक्षा सरस आहे.

मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणाऱ्या नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातील वाचकाला असली वास्तू परकी वाटू नये. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तील तिलिस्म, म्हणजे यंत्रे, गुप्त दारे व तळघरे यांनी रचलेली आणि जाणत्यालाच उकलणारी वास्तू, १८८८ पासून घराघरांत पोहोचलेली आहे. ती कादंबरी लिहिणाऱ्या खत्रींनी चकिया व नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते आणि तिथले भग्नावशेष पाहिलेले होते. लोधीखेड्याच्या उत्तरेस, छिंदवाड्याच्या वाटेवर आडबाजूला, गोंड राजांचा देवगड आहे, ज्याच्या पोटातून थेट नागपूरपर्यंत भुयार जाते असे लोक सांगतात. नागपूर वसवणारा बख्त बुलंद याच घराण्यातला असल्यामुळे ही आख्यायिका निदान राजकीयदृष्ट्या सुसंगत आहे, आणि डंजनाच्या रचनाकाराला तेवढे पुरते. ज्यांना ही कला करून पाहायची आहे त्यांनी परकी ड्रॅगनांची चित्रे शोधण्याआधी आलेख कागदाचा एक ताव घ्यावा, देवगडाखालचा पहिला मजला तीस दालनांचा काढावा, आत यायला किमान दोन वाटा आणि खाली उतरायला तीन ठेवाव्यात, दहा दालने बिनधास्त रिकामी सोडावीत, आणि तो कागद खेळाडूंच्या नजरेस कधीही पडू देऊ नये.