खिडकी, पेंग्विन आणि सफरचंद

एकाच कॉम्प्युटरवर दोन-दोन, तीन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम्सचा संसार थाटणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. त्या जमातीतल्या एकाचा हा कबुलीजबाब.

सकाळचे दहा वाजलेत. ऑफिसला निघण्याआधी मेल बघावेत म्हणून तुम्ही कॉम्प्युटर सुरू करता, तर कोपऱ्यातलं घड्याळ दाखवतंय साडेचार! व्हायरस? बॅटरी गेली? छे हो! काल रात्री तुम्ही लिनक्स वापरलंत आणि आज विंडोज सुरू केलंत, बस्स. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. ग्रीनिच आणि आपल्यात अंतर साडेपाच तासांचं. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलेपर्यंत हा घोळ रोजचा.

'साडेपाच तास' म्हटल्यावर जो गालात हसतो, तो आमच्यातला समजावा.

पोस्टमन आणि पेंग्विन

माझी सुरुवात तुमच्यासारखीच, विंडोजपासून. २००६ साल. पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं, आणि चौघांत मिळून एक असेंबल केलेला पीसी. मुंबईच्या रूममेटने लॅमिंग्टन रोडवरून पार्ट्स आणलेले. रॅम २५६ एमबी, हार्ड डिस्क ८० जीबी, वर एक्सपी. हिरवी टेकडी आणि निळं आकाश हा तेव्हा अख्ख्या देशाचाच वॉलपेपर होता!

त्या काळात उबुंटू नावाचं लिनक्स चक्क टपालाने घरी यायचं. नाव-पत्ता भरायचा, की परदेशातून सीडी हजर. पोस्टेजसुद्धा त्यांचंच. २००५ ते २०११ ही योजना चालली. आमच्या घरमालकीणबाईंनी ते पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ''फुकट? आणि परदेशातून? नीट बघून घे रे बाबा.''

त्यांची शंका रास्तच होती. पण लिनक्सचा फंडाच तो. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लायनस टॉरवॉल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. पण २००६ मध्ये मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त रूममेट्सवर शायनिंग मारायची होती.

डी ड्राइव्ह गेला!

आता कबुली. त्याच पीसीच्या डी ड्राइव्हमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते. लग्नात घरचा डिजिटल कॅमेरा माझ्याच हातात होता. त्याचं कार्ड छोटं, त्यामुळे फोटो पीसीवर उतरवायचे, कार्ड रिकामं करायचं आणि पुन्हा मांडवात पळायचं. थोडक्यात, त्या फोटोंची दुसरी कॉपी जगात कुठेही नव्हती.

शनिवारी रात्री सीडी टाकली. लिनक्सला जागा हवी म्हणून डिस्कचे भाग दाखवणारा स्क्रीन आला. पण तिथे सी आणि डी ही नावंच नव्हती! 'एचडीए१', 'एचडीए५' अशी काहीतरी बाराखडी. मी मनाशी म्हटलं, हा मोठा तुकडा रिकामाच दिसतोय. डिलीट. अप्लाय. दोन सेकंदांत काम फत्ते. आणि तिसऱ्या सेकंदाला पोटात खड्डा पडला.

मी आरडाओरडा केल्यावर मुंबईकर रूममेट उठून आला. त्याचं पहिलं वाक्य, ''काहीही दाबू नकोस.'' दुसरं, ''चहा टाक.''

चहा होईपर्यंत त्याने समजावलं. पार्टिशन डिलीट केलं म्हणजे फक्त पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. पानं अजून जागच्या जागी आहेत. त्यावर नवीन काही लिहिलं, की खेळ खल्लास. त्याच्याकडे नॉपिक्सची सीडी होती, हेही लिनक्सच, पण डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालणारं. त्यात टेस्टडिस्क नावाचा छोटासा प्रोग्रॅम. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, माऊसचं नाव नाही. तो सगळी डिस्क चाळत बसला आणि आम्ही त्याच्याकडे बघत. पहाटे एक ओळ उमटली. हरवलेलं पार्टिशन सापडलं होतं. त्याने एंटर मारायला सांगितलं, तर माझा हात थरथरत होता. मग त्यानेच मारलं.

मशीन परत सुरू केलं. डी ड्राइव्ह जागेवर. सप्तपदीसकट सगळे फोटो जागेवर. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी कोऱ्या सीडीज घ्यायला दारात उभा होतो.

ज्या लिनक्सपायी घोळ घातला, त्याच लिनक्सने तो निस्तरला. मी त्याचा भक्त झालो तो त्या रात्री. आणि बॅकअपचाही!

उजव्या बाजूचा क्रॉस कुठे गेला?

पुढे नोकरी लागली आणि ऑफिसने हातात मॅक दिला. पहिला आठवडा बोटांना नुसता संताप. कॉपी करायला कंट्रोल नाही, कमांड. खिडकी बंद करायचं बटण डावीकडे, आणि ते दाबूनही प्रोग्रॅम खाली सुरूच! नंतर कळलं, मॅकच्या लेखी खिडकी वेगळी आणि प्रोग्रॅम वेगळा. एकदा हे डोक्यात बसलं, की पुढचं सगळं सुतासारखं सरळ.

शेजारच्या डिझायनर मैत्रिणीचं उलटं. ती मॅकवरच वाढलेली. २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलच्या चिप्स आल्या, तेव्हा बूट कॅम्प वापरून तिने त्यावर विंडोजही टाकलं, क्लायंटला वेबसाइट कशी दिसते ते बघायला. अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आणले आणि त्यांवर बूट कॅम्पची सोय राहिली नाही. तिने जुना मॅक विकला नाही. 'माहेरची खोली' म्हणून तो अजून टेबलावर आहे.

ठाण्याचा आमचा सीए मित्र मात्र व्यवहारी. घरी लिनक्स, पण क्लायंटच्या वह्या टॅलीत आणि टॅलीला विंडोज लागतं. मग त्याने लिनक्सच्या आतच व्हर्च्युअल मशीन करून त्यात विंडोज बसवलं. म्हणजे भाड्याच्या खोलीत भाडेकरू! मार्चअखेर आली, की तो सरळ विंडोजचा लॅपटॉप उघडतो. त्याचं म्हणणं साधं आहे : हौस बाराही महिने, पण डेडलाइनला प्रयोग नाही.

बाबांचा लॅपटॉप

खरी परीक्षा मागच्या दिवाळीत नव्हे, त्याच्या आधीच सुरू झाली होती. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन त्यानंतरही चालतं, पण नेहमीचे सुरक्षेचे अपडेट्स येत नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते, ती बाबांच्या २०१३ च्या लॅपटॉपमध्ये नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. हिशेब, नोटिसा, नेट बँकिंग, सगळं त्याच्यावर. नवीन घेऊन देतो म्हटलं तर उत्तर ठरलेलं, ''चालतोय ना? मग?''

या वेळी मी आधी दोन ठिकाणी बॅकअप घेतला. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू करून बाबांना आठवडाभर नुसतं खेळू दिलं. वाय-फाय लागलं. प्रिंटर लागला. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड तसाच, त्यामुळे बाबांची बोटं अडली नाहीत. हिशेबाच्या शीट्स लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या.

अडलं ते जुन्या नोटिसांपाशी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या त्या फाइल्स उघडल्या आणि समोर नुसती चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट नव्या सिस्टिमवर नव्हता. त्या सगळ्या मला कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणाव्या लागल्या आणि बाबांनी शेजारी बसून एकेक काना-मात्रा तपासली. दोन रविवार गेले. पण खूप वर्षांनी आम्ही दोघं इतका वेळ एका टेबलाशी बसलो होतो.

शेवटी बाबांनी निकाल दिला, ''बाकी ठीक आहे. पत्त्यांचा गेम कुठाय?'' तोही टाकून दिला.

तर मंडळी, 'बेस्ट कुठलं?' हा प्रश्न आम्हाला विचारू नका. टॅलीवाल्याचं बेस्ट वेगळं, डिझायनरचं वेगळं, बाबांचं वेगळं. दुसरं घर बघितल्यावर आपल्या घराची खिडकी नेमकी कुठे अडते, हे कळतं एवढंच. ताईला डी ड्राइव्हचा किस्सा मात्र आजवर सांगितलेला नाही. हा अंक तिच्याकडे दर आठवड्याला जातो. म्हणजे फोन येईलच.

करून बघायचंय?

• आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

• पहिल्या दिवशी इन्स्टॉल नको. पेन ड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा.

• तिन्हीकडे चालणारी पोर्टेबल डिस्क हवी, तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण आपली आपण त्यावर लिहिता येत नाही.

• ज्याच्यावाचून पगार अडतो तो प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतो का, ते आधी बघा.

• ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रयोग? अजिबात नाही!