सोसायटीतला कायदा, लेखांक ९ : आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी

पार्किंगवरून सोसायटीत आवाज चढले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ती जागा मी बिल्डरकडून विकत घेतली आहे.’ जुन्या इमारतींच्या बाबतीत ते बहुतेक वेळा कायद्याला धरून नसते. समोरच्याला हे ठाऊक असले, की तुमची रास्त तक्रारही कमकुवत पडते. म्हणून गेल्या आठवड्यात गळतीच्या खर्चाबाबत केले तसेच आज करू. आधी हक्क कसला आहे ते पाहू, मग जागेत उभ्या असलेल्या गाडीकडे वळू.

दहिसरच्या पांचाली सोसायटीचा खटला यात पायाभूत आहे. स्टिल्टमधल्या पार्किंगच्या जागा आपल्याच मालकीच्या आहेत, असे तिथल्या बिल्डरचे म्हणणे होते. शहर दिवाणी न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि अखेर ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी तो हरला. १९६३च्या ‘मोफा’ कायद्याखाली स्टिल्टची किंवा उघड्यावरची जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामाईक भागात येते आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा तो निकाल आहे. २०१६च्या रेरा कायद्यानंतर बांधलेल्या इमारतींत थोडा फरक पडतो. तिथे आच्छादित पार्किंग पैसे घेऊन देता येते, उघडे मात्र नाही. शिवाय एप्रिल २०२४मध्ये महारेराने आदेश काढला की आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण वाटपपत्रात व करारात लिहिलेच पाहिजे. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी आपला करार काढून हे तपशील आहेत का, ते पाहून ठेवावे.

बाकी आपण बहुतेकजण सोसायटीच्या वाटपावर अवलंबून असतो. सर्वसाधारण सभेने धोरण ठरवायचे आणि व्यवस्थापक समितीने त्याप्रमाणे जागा द्यायच्या, असे आदर्श उपविधी सांगतात. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी सोडत काढायची. मिळालेली जागा सभासदाला विकता येत नाही की परस्पर दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे असतो तो वापराचा हक्क, आणि तो देणारी असते सोसायटी. माझ्या मते या विषयात एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. तुमच्या जागेत कोणी गाडी लावली, की त्याने सोसायटीचा निर्णय मोडलेला असतो. तो निर्णय राबवण्याची जबाबदारी समितीची आहे. तुम्ही एकट्याने जिन्यात उभे राहून शेजाऱ्याशी झुंजायचे कारण नाही.

पण त्यासाठी निर्णय कागदावर हवा. ‘दहा वर्षे मी इथेच लावतो’ हा पुरावा फार अपुरा आहे. वाटपाचे पत्र, इतिवृत्तातली नोंद, मासिक बिलात लागणारे पार्किंग शुल्क, जमिनीवर रंगवलेला क्रमांक, यांतले जे नसेल ते आजच सेक्रेटरींकडे लेखी मागा.

आता प्रत्यक्ष गाडी. पहिल्यांदा असे घडले तर ती बहुधा कोणा पाहुण्याची, कामाला आलेल्या सुताराची किंवा नव्या भाडेकरूची असते. वॉचमनकडची वही पाहून फोन लावला की दहा मिनिटांत जागा मोकळी होते. नंबरप्लेट आणि तुमच्या जागेचा क्रमांक एकत्र दिसेल असा फोटो मात्र काढून ठेवावा. तीच गाडी पुन्हापुन्हा दिसू लागली की तारीख-वेळ घालून समितीला अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणे म्हणजे तक्रार नव्हे. त्याने माणूस चारचौघांत दुखावतो, हट्टाला पेटतो आणि समितीच्या दप्तरी काहीच येत नाही.

रागाच्या भरात चाकातली हवा सोडणे, वायपर वाकवणे, ओरखडे काढणे या गोष्टी टाळाच. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान केले तर फौजदारी कायद्यात ती ‘आगळीक’ ठरते आणि तक्रारदार असलेले तुम्ही आरोपी होता. त्याच्या गाडीमागे आपली गाडी लावून त्याला अडकवणेही तितकेच वाईट. त्या रात्री त्याच्या घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय?

पोलिसांकडून अपेक्षा बेताची ठेवावी. वाहतूक पोलिसांचे काम मुख्यतः सार्वजनिक रस्त्यावर चालते. गेटबाहेर रस्त्यावर लावलेल्या गाडीने वाट अडवली तर ते ती उचलू शकतात. कंपाउंडच्या आत ते सहसा हात घालत नाहीत. कोणी धमकावले किंवा अंगावर आले, तर मात्र ११२ला लगेच फोन करा. अनेक दिवस बेवारस उभ्या असलेल्या अनोळखी गाडीची खबर समितीनेच पोलीस ठाण्यात द्यावी.

समित्यांनाही एक कळकळीचे सांगणे आहे. गाड्यांना स्टिकर, पाहुण्यांसाठी राखलेली एखाददुसरी जागा आणि सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला दंड एवढी व्यवस्था असली, तर बरीचशी भांडणे उभीच राहत नाहीत. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजींना किंवा दिव्यांग सभासदाला लिफ्टजवळची जागा द्या आणि ती रोज मोकळी राहील हे जातीने पाहा. इतरांची जागा गेली तर त्यांना चार पावले जास्त चालावे लागते. यांचे त्या दिवशीचे बाहेर पडणेच थांबते. त्या जागेवर गाडी लावणाऱ्याला ‘असू दे, जाईल तासाभरात’ अशी सवलत मिळता कामा नये.

समितीने काहीच केले नाही तर बरेच सभासद उपनिबंधक कार्यालयात जातात आणि हात हलवत परततात. आदर्श उपविधींनी पार्किंगचा वाद गळतीप्रमाणेच सहकार न्यायालयाकडे सोपवला आहे. १९६०च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१खाली तिथे दावा करता येतो आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम मनाईही मागता येते. तिथे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून त्याआधी एक लेखी नोटीस देऊन पाहावी. आणि दावा करायचाच झाला, तर पार्किंगचे धोरण ठरवणाऱ्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत हाताशी हवी. ती सोसायटीकडून कशी मिळवायची, ते पुढच्या आठवड्यात.