सेकंदाला फक्त दहा

डोळे, कान, त्वचा मिळून दर सेकंदाला सुमारे 100 कोटी बिट माहिती गोळा करतात. बिट म्हणजे 'हो की नाही' अशा एका प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतल्या जिएयू झेंग आणि मार्कस माइस्टर यांनी 2024 मध्ये दुसऱ्या टोकाचा हिशेब मांडला. टायपिंग, बोलणं, व्हिडिओ गेम, काहीही घ्या. माणूस जाणूनबुजून जे करतो त्याचा वेग सेकंदाला जेमतेम दहा बिट! आत दहा कोटी, बाहेर एक, असं हे प्रमाण.

खात्री करायची तर रुबिक क्यूब घ्या. त्याच्या शक्य मांडण्या 43 वर 18 शून्यं इतक्या. त्यातली नेमकी एक ओळखायला सुमारे 65 बिट लागतात. डोळ्यांवर पट्टी बांधून तो सोडवणारे दिग्गज आधी पाच-सहा सेकंद क्यूब न्याहाळतात. म्हणजे सेकंदाला बारा बिट. जगज्जेत्याचीही मजल एवढीच.

याच दराने शंभर वर्षं, झोपसुद्धा न घेता, काढली तरी बेरीज होते चार जीबी. जुन्या पेनड्राइव्हवर मावेल.

आणि कामाला पेशी किती? मेंदूत 8,600 कोटी चेतापेशी आहेत. दहा बिट तर त्यातली एकटी पेशीही पाठवू शकते. बाकीच्या काय करतात? त्यातल्या 6,900 कोटी लहान मेंदूत असतात, आणि जन्मतः लहान मेंदूच नसलेली माणसं चालता-बोलताना अडखळतात, पण शुद्धीत, भानावर असतात.

दहाच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जॉर्ज स्पर्लिंग यांनी 1960 मध्ये लोकांना तीन ओळींत बारा अक्षरं दाखवली, सेकंदाच्या विसाव्या भागापुरती. सगळी सांगा म्हटलं की चार-पाच जमायची. पण अक्षरं पुसल्यावर लगेच एक सूर वाजवून कुठलीही एक ओळ विचारली, तर त्या चारांतली तीन यायची. ओळ कुठली, हे आधी ठाऊक नव्हतं. म्हणजे किमान नऊ अक्षरं त्या क्षणी मनात हजर होती. सांगेपर्यंत विरून जायची.

तेव्हा दहा बिट हे माप बोटांतून आणि तोंडातून जे बाहेर पडतं त्याचं आहे. आतल्या जाणिवेचं माप मानसशास्त्राला अजून घेता आलेलं नाही.