उबेचा ताळेबंद

चेन्नईत तीनच ऋतू असतात, असे येथे गमतीने म्हटले जाते : उष्ण, अधिक उष्ण आणि अत्युष्ण. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान वीस-एकवीस अंशांवर उतरले की मरीना किनाऱ्यावर फिरावयास येणारे आजोबा माकडटोपी चढवितात, आणि मार्गळी महिन्यातील संगीतसभांना येणाऱ्या भगिनी वातानुकूलित सभागृहात कांजीवरमवर शाल पांघरतात. या शहराचा थंडीशी संबंध एवढाच, असे कोणासही वाटेल.

परंतु आमच्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलापाशी एखादा दिवस बसून पाहावे. मुलगी अमेरिकेत, मुलगा कॅनडात, सून जर्मनीत. कुणाचे बाळंतपण, कुणाचा पदवीदान समारंभ. दिवाळी सरली की अशा प्रवासाची तयारी करणारे खातेदार येऊ लागतात. अर्ज भरता भरता त्यांतील गृहिणी हळूच एक प्रश्न विचारतात, “मॅडम, थंडीचा कोट इथूनच घेऊन जावा की तिकडे घ्यावा? आणि साडीवर तो दिसतो तरी कसा?” बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात या प्रश्नाचे उत्तर नाही. मला ते थोडेफार देता येते, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे.

काचेतून पाहिलेला बर्फ

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आई जावयाची ठरली. जन्म साताऱ्यात गेलेली आणि माझ्या बदलीमुळे चेन्नईत येऊन राहिलेली माझी आई. शून्याखालील तापमान तिने केवळ बातम्यांत ऐकलेले. आम्ही शहरातील एका मोठ्या दुकानात गेलो. बाहेर घामाच्या धारा, आत वातानुकूलन. आरशासमोर आईने एक मरून रंगाचा, कमरेपर्यंतचा, मोठ्या बटणांचा सुरेख कोट घालून पाहिला. त्या दिवशी ती सलवार-कमीजमध्ये होती. “अगदी परदेशी बाई दिसतेस,” असे मी म्हटले, आणि नऊ हजार रुपये मोजून आम्ही समाधानाने घरी आलो. आतील लेबल वाचण्याचे आम्हा दोघींनाही सुचले नाही.

टोरांटोच्या जानेवारीत त्या कोटाचे खरे स्वरूप उघड झाले. लोकरीसारखे दिसणारे ते कापड ॲक्रिलिकचे होते. त्यातून वारा थेट आत शिरे. आई तेथेही साडीच नेसत असे. पदराच्या जाडीमुळे कोटाची वरची बटणे लागत ना, आणि कमरेखाली तर कोटच नव्हता. दोन-चार वेळा बाहेर पडून ती कुडकुडत परतली. मग जावयाचे जाड जाकीट घालावे लागे; ते तिच्या मनास येईना. “त्यांच्या कपड्यांत मी चारचौघांत कशी जाऊ?” असे म्हणून तिने बाहेर जाणेच सोडले. चार महिने स्वयंपाकघर, बाळाची खोली आणि दिवाणखान्याची खिडकी, एवढेच तिचे कॅनडा. परतल्यावर शेजारच्या मामींनी विचारले, बर्फ कसा असतो हो? आई हसून म्हणाली, “काचेतून छान दिसतो.”

ते वाक्य मला लागले. कोट म्हणजे हौसेची वस्तू, असे आपण समजतो. थंड देशात मात्र तो घराबाहेर पडण्याचा परवानाच असतो.

मराठी स्त्रीच्या वाट्यास हा प्रश्न फार पूर्वी येऊन गेला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधत असे, म्हणून त्यांनी तेथे गुजराती पद्धतीने साडी नेसावयास आरंभ केला. परक्या देशात राहून आपला वेष सोडावयाचा नाही आणि गारठ्यापासून जीवही सांभाळावयाचा, असा तो पेच होता. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण तेथील थंडीने आणि न मानवणाऱ्या आहाराने प्रकृती ढासळत गेली, आणि मायदेशी परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचे निधन झाले. थंडीकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगावयास याहून मोठे उदाहरण नको.

गोधडीचे शास्त्र

दुसऱ्या वेळी मी अभ्यास करूनच खरेदीस निघाले. पहिला धडा घरातच मिळाला. कोट स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. कापडाच्या तंतूंत आणि थरांत अडकलेली स्थिर हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर शिवून आपल्या आज्या गोधडी करीत, ती याच तत्त्वावर. तेव्हा एका जाडजूड कोटापेक्षा तीन योग्य थर अधिक उपयोगी पडतात.

अंगालगतचा पहिला थर पातळ, अंगाबरोबर बसणारा असावा आणि त्याने घाम टिपून घ्यावा. थर्मल म्हणून मिळणारे आतील कपडे यासाठीच असतात. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि मग तीच गार पडते. दुसरा थर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. तिसरा थर म्हणजे कोट. त्याचे मुख्य काम वारा व ओल अडविणे. दुकानात किंवा घरात शिरताच वरचा थर उतरविता येतो, कारण तेथील इमारती आतून तापविलेल्या असतात.

कोटात काय भरले आहे, हेही पाहावे. बदकाच्या वा हंसाच्या अंगावरील मऊ पिसे, ज्यांना बाजारात ‘डाऊन’ म्हणतात, वजनाला अत्यंत हलकी आणि कोरड्या थंडीत सर्वांत उबदार. पण भिजली की गोळा होऊन निकामी होतात. कृत्रिम तंतूंचे भरण किंचित जड, परंतु ओले झाले तरी बरीच ऊब राखते, आणि स्वस्तही पडते. लोकर तर गुणांची खाण आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ती ओली वाटत नाही. आपल्याकडील धनगर बांधव घोंगडी डोक्यावरून घेऊन पावसात आणि थंडीत रानात उभे राहत आले, ते याच गुणाच्या बळावर.

प्रसंग तसा कोट

‘सर्व प्रसंगांना चालेल असा एक छानसा कोट द्या’ अशी मागणी करणे, म्हणजे मुदत ठेवीतून चालू खात्याची सोय मागण्यासारखे आहे. कुठे, किती दिवस आणि कशावर घालावयाचा, हे आधी ठरवावे.

उदगमंडलम वा कोडाईकनालच्या सहलीस जाड कोटाची मुळीच गरज नसते. तेथील धुके व गार वारा यांना स्वेटर आणि त्यावर एक हलके वाराप्रतिबंधक जाकीट पुरेसे होते. सिमला, मनाली, गुलमर्ग येथे बर्फात दोन-तीन तास खेळावयाचे असेल, तर तेथे भाड्याने मिळणारे कोट आणि गमबूट घ्यावेत. चार तासांसाठी विकत घेतलेला कोट पुढे वर्षानुवर्षे कपाटच अडवितो.

उत्तर हिंदुस्थानातील हिवाळी लग्नसमारंभात प्रश्न निराळा असतो. रेशमी साडी झाकून टाकणे कुणालाच रुचत नाही. अशा वेळी आत पूर्ण बाह्यांचा थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा मखमलीचा लांब बाह्यांचा ब्लाऊज आणि वर अस्सल लोकरीची शाल, ही योजना उत्तम. लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या अंगावरील तलम लोकरीपासून पश्मिना होते. काश्मीर पश्मिन्यास २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाग वस्तू घेताना त्याची खूण पाहून घ्यावी. साडीवर कोटच हवा असेल, तर समोरून उघडा राहणारा, घोट्याजवळ पोहोचणारा लांब कोट काठांची शोभा झाकीत नाही.

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या भगिनींसाठी गुडघ्यापर्यंतचा, साध्या काटाचा लोकरी ओव्हरकोट हा सर्वांत भरवशाचा. काळा, गडद निळा किंवा उंटाच्या रंगाचा घेतल्यास तो कार्यालयात शोभतो आणि संध्याकाळच्या भोजनसमारंभासही चालतो. लंडनसारख्या पावसाळी, पण फार कडक थंडी नसलेल्या शहरात ट्रेंच कोट उपयोगी. पहिल्या महायुद्धात खंदकांतील अधिकारी तो वापरीत, म्हणून हे नाव पडले. त्याच्या आत सुटे होणारे अस्तर असल्यास तो अधिक महिने चालतो.

आणि आईसारख्यांचे काय? ज्यांना शून्याखालील थंडीत बाबागाडी ढकलीत रोज फिरावयाचे आहे, त्यांनी शोभेपेक्षा सोय पाहावी. पोटऱ्यांपर्यंत लांब, टोपी असलेला, वरून पाणी न शिरणारा, भरणाचा कोट घ्यावा. त्याची चेन खालूनही उघडणारी असावी; बसताना आणि पायऱ्या चढताना निऱ्या अडकत नाहीत. साडीवर घालावयाचा असेल तर खालच्या बाजूस घेर हवा आणि एक माप मोठे घ्यावे. परकराऐवजी लोकरी लेगिंग व पायात जाड तळव्याचे बूट असले, म्हणजे साडीतही पाय गारठत नाहीत. मात्र बर्फाच्या चिखलात काठ भिजतात, हे ध्यानात घेऊन साडी थोडी वर नेसावी.

आरशापेक्षा लेबल बोलके

कोट घालून पाहावयास जाताना त्याखाली जे कपडे घालणार, तेच घालून जावे. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावर यावी, बाही मनगट पूर्ण झाकावी, आणि सर्व बटणे लावून दोन्ही हात समोर आवळता यावेत. मग आतील लेबल शांतपणे वाचावे : लोकर किती टक्के, ॲक्रिलिक किती, धुलाई कशी. खिसे खोल आहेत ना, हेही पाहावे. हातमोजे काढून ठेवावयास जागा लागते.

चेन्नईत घ्यावे काय आणि तिकडे घ्यावे काय? माझे अनुभवाचे उत्तर असे : थर्मल, लोकरी मोजे, शाल, स्वेटर येथूनच न्यावेत. कडक थंडीचा बाहेरचा कोट शक्य तर तिकडे घ्यावा. तेथील दुकानांत त्या हवेचा माल असतो आणि नाताळानंतर भावही उतरतात. आपल्या उंचीसाठी तेथे ‘पेटीट’ मापाची चौकशी करावी. विमानतळाबाहेर पडण्यापुरता एक मध्यम कोट मात्र हातातील सामानात हवाच.

गंमत अशी, की हिवाळा नसलेले हे शहर कोटांच्या व्यवसायास अनोळखी नाही. चेन्नई, राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी हा भारतातील चर्मोद्योगाचा मोठा पट्टा. अड्यार येथे १९४८ पासून केंद्रीय चर्म संशोधन संस्था कार्यरत आहे, आणि क्रोमपेट या उपनगराचे नावच कातडे कमाविण्याच्या क्रोम प्रक्रियेवरून पडले आहे. येथे शिवलेली चामड्याची जाकिटे परदेशी जातात. चामडे वारा उत्तम अडविते, पण ऊब अस्तराची असते आणि ओला बर्फ त्यास सोसत नाही, हे लक्षात ठेवून ते घ्यावे.

परत आल्यावर कोटाची निगा हा येथील दमट हवेत मोठाच प्रश्न. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या कोटास बुरशी धरते. स्वच्छ व पूर्ण कोरडा करून तो सुती आवरणात, रुंद हँगरवर टांगावा. कसरीसाठी डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा सावलीत वारा द्यावा. पिसांचा कोट फार काळ दाबून ठेवू नये. त्याचा फुगीरपणा, म्हणजेच ऊब, कमी होते.

जमा आणि खर्च

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्याने शेवटी हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. पहिला कोट नऊ हजारांचा. आईने तो चार वेळा घातला. प्रत्येक वापरास सव्वादोन हजार रुपये पडले. दोन वर्षांनी आई पुन्हा गेली, तेव्हा बहिणीने तिकडे घेतलेला कोट आपल्या पैशांत पंधरा हजारांचा होता. तो तिने त्या मुक्कामात शंभर दिवस तरी घातला. प्रत्येक वापरास दीडशे रुपये. महाग कोणता आणि स्वस्त कोणता, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

पण या ताळेबंदात एक जमेची बाजू अशी आहे, की ती आकड्यांत बसत नाही. त्या हिवाळ्यात बहिणीने एक छायाचित्र पाठविले. गडद निळा लांब कोट, खालून डोकावणारा इरकलीचा काठ, आणि नातवाचा हात धरून भुरभुरत्या बर्फात उभी असलेली आई. परतल्यावर शेजारच्या मामींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आईने आपला तळहात पुढे केला आणि म्हणाली, “इथे पडतो आणि बघता बघता पाणी होतो.”