पळसाचा वसंत आणि ईस्टर

वसंत म्हटला की पुस्तकांतील वितळणारे हिम व हिरवी कुरणेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्याचे रूप अगदी निराळे. कापसाची वेचणी आटोपलेली, शेते उघडी पडलेली, सागाचे रान पानांवाचून उभे आणि ऊन दिवसेंदिवस चढत चाललेले. अशा वेळी पळस फुलतो. पळसाला पाने तीनच, अशी म्हण आहे खरी. परंतु फाल्गुनात पाहावे तर तीही बहुधा उरलेली नसतात!

असे का व्हावे? पानांवाटे झाडातील पाणी सतत वाफ होऊन जात असते. जमीन कोरडी पडू लागली म्हणजे हा खर्च झाडास परवडत नाही. म्हणून ते पानांतील उपयुक्त द्रव्यांचा बराच भाग फांद्यांत ओढून घेते व मग पाने टाकते. या साठ्यावर पुढे कळ्या उमलतात. पाने आड येत नसल्याने केशरी फुले दुरून दिसतात आणि मधासाठी आलेले पक्षी पराग वाहून नेतात. ज्याला आपण वठलेले समजतो ते झाड वस्तुतः काटकसर करीत असते. मोहाचेही बरेचसे असेच. त्याच्या फुलांचा सडा वेचावयास कोलाम व गोंड मंडळी भल्या पहाटे रानात जातात.

याच दिवसांत ईस्टर येतो. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, अशी गणना असल्यामुळे हा सण 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे कधी होळीच्या, तर कधी चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग. 2024 साली होळी 24 मार्चला पेटली व ईस्टर 31 मार्चला झाला.

तथापि हे साम्य फार ताणू नये. वसंत दरसाल येतो व जातो. पुनरुत्थान एकदाच घडले अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. शिवाय ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तेथे कर्जाने गांजलेल्या मनुष्यास 'पळसाकडे पाहा व धीर धरा' असे सांगणे निष्ठुरपणाचे होय. पळसाचा साठा त्याचा स्वतःचा असतो. कपाशी लावणाऱ्यास दरसाल नवे बी आणावे लागते, आणि तेही पुष्कळदा उसनवारीने.

शुभवर्तमानातील हकीकत मला या बाबतीत अधिक प्रांजळ वाटते. त्या पहाटे सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रियांच्या मनात आशा नव्हती. त्या प्रेताला लेप लावावयास निघाल्या होत्या, आणि कबरेवरील धोंड कोण लोटील ही विवंचना त्यांना वाटेतच पडली होती. शिष्य तर भीतीने दारे लावून बसले होते. योहान लिहितो की ती कबर एका बागेत होती. तेथे रडत उभ्या असलेल्या मग्दालीया मरीयेस येशू समोर दिसला, तरी तो तिला माळीच वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा कोठे तिला ओळख पटली.